काजरवण्याची केळी

माकडांवर माझं कधीही प्रेम नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कुणाला तरी वाटायचं की बाईला उतारवयात भूतदया सुचली. काजरवण्यात गुरांची डॉक्टर म्हणून मी उभं आयुष्य काढलं आणि त्या लाल तोंडाच्या केलड्यांनी माझ्या परसातलं एक शहाळं, एक पपई, एक काजूबोंड धड राहू दिलं नाही. कौलं फोडली, डाळीचे डबे उपडे केले, एकदा तर चुलीवरचं कालवण सांडून वर मलाच दात दाखवले. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझी गलोल कायम टांगलेली असायची आणि माझा नेम चांगला होता.

म्हणून वीसेक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रयोगशाळेची माणसं गावात आली आणि म्हणाली, "माकडांना न मारता माकडं संपवतो," तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

त्यांना आमची गावपळण फार आवडली. दर तीन-चार वर्षांनी रवळनाथाचा कौल घेऊन आमचा अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. नदीपलीकडे झोपड्या घालायच्या, चुली मांडायच्या, पत्ते कुटायचे, पाहुण्यांना जेवायला बोलवायचं. गावात मात्र त्या दिवसांत चिटपाखरू ठेवायचं नाही. प्रयोगशाळेला दुसरं काय हवं होतं? माणूस नाही, गुरं नाहीत, झाडाझाडांवर औषधाची केळी बिनधास्त टांगता येतील. एका केळ्यात साबुदाण्याएवढी एक मऊ गोळी.

त्या गोळीत काय होतं ते मला तेव्हाच समजावून सांगितलं होतं, आणि मला ते पटलंही होतं. नराकडे एक एक्स आणि एक वाय असं गुणसूत्रांचं जोडपं असतं. बीज तयार होताना निम्म्यात एक्स जातो, निम्म्यात वाय. एक्सवालं बीज लागलं तर मादी, वायवालं लागलं तर नर. गोळीतला विषाणू नराच्या वायवर एक नवं जनुक नेऊन बसवायचा. हे जनुक म्हणजे कात्री. बीज तयार होण्याच्या वेळी ती उघडायची आणि शेजारच्या एक्सचे शंभर तुकडे करायची. एक्सवालं बीज मेलं की उरलं फक्त वायवालं. होतील ते सगळे नर, आणि प्रत्येकाच्या वायवर बापाकडून आलेली तीच कात्री. माद्या जन्मल्याच नाहीत की दोन-तीन पिढ्यांत कळप आपोआप विझणार. रक्त नाही, बंदूक नाही, कुणाचा शाप नाही.

पहिली काही वर्षं आम्ही खूश होतो. नारळ घरात येऊ लागले. मग कळपांतल्या म्हाताऱ्या माद्या मेल्या आणि मागे नुसते नर उरले. त्यांची जी काय मारामारी चालायची! कान तुटलेली, ओठ फाटलेली माकडं माझ्या अंगणाच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, येऊन बसत. पोटाशी पिल्लू घेतलेलं माकड दिसेनासं झालं.

गावातही एक गोष्ट होत होती, पण तिची कुणी तक्रार करत नव्हतं. काजरवण्यात मुलगेच जन्मत होते. या घरात पेढे, त्या घरात पेढे. आधी कोकणातल्या पोराला मुलगी द्यायची म्हटलं की लोक तोंड फिरवायचे, "मुंबईत खोली आसा काय?" म्हणून विचारायचे. आता घाटावरून गाड्या भरून मुलींचे बाप येऊ लागले. काजरवण्याच्या पुरुषाला मुलगाच होतो, रवळनाथाची कृपा आहे, अशी ख्याती पसरली. सरकारला संशय आला. अधिकारी तालुक्यातल्या सोनोग्राफीवाल्यांच्या मागे हात धुऊन लागले, पण तिथे काही सापडलं नाही. सापडणार कसं?

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो शाळेत. कुत्रा चावला तर काय करायचं हे सांगायला मला बोलावलं होतं. त्याच सकाळी मी एका मेलेल्या माकडाची तपासणी केली होती. दुसऱ्या नरांनी त्याला फाडलं होतं. औषध लागलेला नर ओळखायला वनखात्याने आम्हाला पट्ट्या दिल्या होत्या. रक्ताचा थेंब टाकला आणि पट्टी निळी झाली, की वायवर कात्री आहे. पट्टी निळी झाली होती. ती तशीच पिशवीत टाकून मी वर्गात शिरले आणि समोर बघितलं तर सगळे पोरगे. एक वेणी नाही, एक रिबीन नाही.

घरी आले तेव्हा माझा मुलगा सर्वेश पडवीत दाढी करत होता. सर्वेश सत्तावीस वर्षांचा, खाडीत खेकडे पाळतो. त्याचं लग्न ठरलं होतं, गडहिंग्लजच्या मैथिलीशी, आणि त्याला ती मनापासून आवडली होती. हनुवटीवर ब्लेड लागून रक्त आलं होतं.

"हंय ये रे," मी म्हटलं आणि पट्टी त्याच्या हनुवटीला टेकवली.

"आये, माकडाची चाचणी माझ्यार?" तो हसला. "माका शेपूट इली काय?"

पट्टी निळी झाली. मी दुसरी घेतली. तीही निळी झाली. सर्वेशचं हसू हळूहळू ओसरलं.

"केळी," तो म्हणाला. "बापाशीच्या खांद्यार बसान गेल्लंय देवळात. केळी होती थंय. दोन खाल्लंय मी."

गावपळणीहून परतल्यावर आमच्याकडे आधी पुरुषांनी देवळात जायचं, देवाला जागं करायचं आणि मगच बायांनी घरांची दारं उघडायची. प्रयोगशाळेच्या माणसांनी उरलेले घड देवळाच्या मंडपात टांगून ठेवले होते, माकडं तिथेही येतात म्हणून. पिवळीधमक केळी, रिकामा गाव आणि समोर रवळनाथ. आमच्या शहाण्या पुरुषांना वाटलं, देवानेच ठेवली. प्रसाद म्हणून वाटून खाल्ली. आणि प्रसादाची बातमी कोण कशाला करतो? माझ्या नवऱ्यानेही केली नाही. तो आता हयात नाही, नाहीतर त्यालाच धारेवर धरलं असतं.

मी पुण्याला फोन लावला. "माणसांवर हे चालूच शकत नाही," तिथल्या बाई म्हणाल्या.

"का नाही चालणार? तुम्हीच तर शिकवलंत," मी म्हटलं. त्यांनीच गावच्या सभेत पडद्यावर दाखवलं होतं. एक्स आणि वाय हे कधीकाळी अगदी सारखं जोडपं होतं. अठरा कोटी वर्षांपूर्वी त्यातल्या एकावर नर घडवणारं जनुक आलं, मग दोघांची आपसांतली देवाणघेवाण टप्प्याटप्प्याने बंद पडली आणि वाय झिजत गेला. एक्सवर आज शेकड्यांनी जनुकं आहेत, वायवर थोडकी. पण जी उरली ती चिवट. माणूस आणि माकड वेगळे होऊन अडीच कोटी वर्षं झाली, तेवढ्यात आपल्या वायवरचं जुनं जनुक गळालं असेल तर एखादंच. म्हणजे या बाबतीत आम्ही आणि केलडी चुलत भावंडंच. तिथे बसलेली कात्री इथे का बसणार नाही?

"मॅडम, तुम्ही गुरांच्या डॉक्टर आहात ना?" बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. माझ्या तोंडात आलेली शिवी तशीच राहिली.

जयवंत भावजी माझे धाकटे दीर आणि गावचे मानकरी. पुढेही मुलगेच होणार, असं त्यांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे ह्यां पक्क्यां? पुढेय झिलच होतले?"

"तुमका होतले, तुमच्या झिलांक होतले, नातवांक होतले. थांबूचांच नाय तां. चेडू जन्माक येवचांच नाय."

"मगे रडतास कित्याक, वयनी? लोक नवस करतत ह्याच्यासाठी!"

"लोक गाढव आसत," मी म्हटलं.

"तुमी गुरांची डाक्तर. गुरां बघा. माणसांत तोंड घालूची गरज नाय." आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "सर्वेशाच्या सासरी ह्यातला अक्षर बोलल्यास तर आमचो तुमचो संबंध संपलो."

सर्वेशही तेच म्हणाला, फक्त आवाज चढवून. मी त्याला परत परत सांगत होते. आत बसलेली कात्री बाहेर काढायची सोय नाही. निसर्गात असं कधी झालं तर एक्स गप्प बसत नाही, हजारो पिढ्यांत काहीतरी तोड काढतो; पण तेवढा वेळ माकडांना मिळाला नाही आणि आम्हालाही मिळणार नाही. गावातले पोरगे जिथे जिथे लग्न करतील तिथे हे जाईल. चाळीस घरांचाच गाव म्हणून हसण्यावारी नेऊ नको; तू तरी मूल होऊ देऊ नको.

"माका एकट्याकच कित्याक ओझां?" तो ओरडला. "सगळो गाव पोरां काढता, तेंका कोण इचारता? लगीन माझां आसा. तू गप ऱ्हव."

"गप ऱ्हवूचंय नाय. तिका सांगतलंय."

"मगे मी तुझो झिल नाय."

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलू लागला. ताट पुढे सरकवलं तर जेवायचा, नाहीतर उठून जायचा. मला राग यायचा आणि रडूही यायचं, आणि दोन्ही मी त्याला दिसू दिलं नाही.

यंदा पुन्हा गावपळणीचा कौल मिळाला. गाव नदीपलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मैथिली, तिची आई रत्नमालाताई आणि मामा असे आमच्या झोपडीत जेवायला आले. जयवंत भावजी माझ्या शेजारीच ठाण मांडून बसले होते, माझं तोंड राखायला. पलीकडच्या वडावर एक म्हातारा केलडा येऊन बसला. त्याने छातीशी काहीतरी धरलं होतं.

"बघा बघा, म्हाताऱ्यान कुत्र्याचां पिल्लू चोरल्यान!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या झोपड्यांतून हशा पिकला.

खरंच कुत्र्याचं पिल्लू होतं. केलडा त्याचे कान विंचरून उवा शोधत होता आणि पिल्लू त्याच्या कुशीत निवांत झोपलं होतं. कळपात पिल्लू उरलं नव्हतं, तर त्याने हे घेतलं. सगळे हसत होते. सर्वेश हसत नव्हता. हातातला घास तसाच धरून तो बघत होता.

मी भात वाढायची थांबले आणि मैथिलीला सगळं सांगून टाकलं. केळी, कात्री, निळी पट्टी, सगळं. भावजी मध्येच "वयनी!" म्हणून गरजले, पण मी थांबणाऱ्यांतली नव्हे.

मला वाटलं होतं, रत्नमालाताई ताट लोटून उठतील. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"अहो विहीणबाई, मग सोन्याहून पिवळं की! आमच्या घरात तीन पिढ्या नुसत्या मुली. ह्याच्यासाठीच तर घाट उतरून आलो. लोक म्हणायचे खरं, पण डॉक्टरच्या तोंडून ऐकलं, जिवाला शांत वाटलं बघा."

मी तोंड उघडं टाकून बसले. जन्मात मला कुणी इतकं गप्प केलं नव्हतं. भावजी खो खो हसले.

मैथिली मात्र माझ्याकडे बघत होती. "मला मुलगी होणारच नाही?"

"नाही."

"माझ्या मुलांना?"

"त्यांनाही नाही."

"मग ती मुलं लग्न कुणाशी करणार?"

"बाहेरच्या पोरींशी करतील की," आई म्हणाली. "पोरींना काय तोटा?"

"त्या बाहेरच्या घरांतही मग मुलगेच. आणि त्याच्या पुढे?" मैथिलीने आईला विचारलं. आई पापडाचा तुकडा मोडत राहिली. मग मैथिली सर्वेशकडे वळली. "तुम्हाला हे माहीत होतं?"

सर्वेशने मान खाली घातली. "होतं."

"आणि सांगणार नव्हता."

मैथिली उठली, हात धुतले आणि गाडीत जाऊन बसली. मामा तिच्या मागे धावले. रत्नमालाताई क्षणभर गोंधळल्या, पण क्षणभरच. भावजींकडे झुकून म्हणाल्या, "ही हट्टी आहे. माझी धाकटी आहे, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. दिसायलाही उजवी. बघा, काय म्हणताय?"

"चलात!" भावजी मान डोलावत म्हणाले. माझ्या मुलाचं लग्न उष्ट्या पत्रावळींसमोर दुसऱ्या मुलीशी ठरत होतं, आणि माझ्या मुलाने ना होय म्हटलं ना नाही.

सगळे गेल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला. "झाला समाधान?"

"झाला," मी म्हटलं. खोटं बोलले.

शेवटच्या दिवशी गाव परतायच्या आधी वेशीवर गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवाकडे मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका आवाजात होकार देतो. गाऱ्हाण्यात नकार नसतो. माझ्या सासूच्या सासूनेही कधी ऐकला नसेल. सगळे हात जोडून उभे राहिले. नारळ घेऊन जयवंत भावजी पुढे झाले. सर्वेश त्यांच्या उजव्या हाताला, थोरल्या घरचा पुरुष म्हणून.

"बा देवा रवळनाथा! तीन दिस तुझी लेकरां वेशीभायर ऱ्हवली. तेंका सुखान घराक घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गुरावासरांक, शेतामाडांक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जसो आमका झिलांचो वंश दिलंस, तसोच पुढेय दी. ह्या सर्वेशाचां लगीन आमी धाकट्या चेडवाशी ठरवतो. तेच्या घरातय झिलांची रांग लागांदे रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

एकच आवाज होता. बाकीचा गाव 'व्हय' म्हणायला तोंड उघडून तसाच राहिला. भावजींनी वळून बघितलं आणि सर्वेशच्या थोबाडीत मारली. नारळ हातातून निसटून उतारावरून गडगडत गेला.

"गाऱ्हाण्यात नाय म्हणतंस? देवाच्या तोंडार?"

"देवाक नाय. तुमका," सर्वेश म्हणाला. त्याचा ओठ फुटला होता. "माझ्यापासून पुढे जावचां नाय ह्यां. लगीन नको, झिल नको, काय नको. माका सोडा."

मग जे काही झालं ते मी सगळं सांगत नाही. माझ्या अंगावर चिखल आला, त्याच्या अंगावर माणसं गेली. बायका सर्वात पुढे होत्या, हे मात्र मी विसरणार नाही. शेवटी आम्हा मायलेकरांना रस्त्याच्या कडेला उभं करून गाऱ्हाणं पहिल्यापासून पुन्हा घातलं गेलं. 'व्हय म्हाराजा' इतक्या जोरात म्हटलं की नदीपलीकडे ऐकू गेलं असेल. महिन्याभरात रत्नमालाताईंची धाकटी जयवंत भावजींच्या मुलाला दिली. आमच्याकडे गुरं आणणं लोकांनी बंद केलं. खाडीवर सर्वेशचे खेकड्यांचे पिंजरे कुणीतरी कापून टाकले. पुण्याहून एक समिती येणार आहे म्हणतात, अजून आलेली नाही.

सर्वेश सावंतवाडीला जाऊन शस्त्रक्रिया करून आला. मला न सांगता गेला. दुपारी परतला, पडवीत सावकाश टेकून बसला, आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "जल्मभर लोकांचे बैल खच्ची केलंस. आता घरचोय झालो."

हे मी मागितलं होतं का? होय, मागितलं होतं. आणि आता माझ्या अंगणात कुणी रांगणार नव्हतं. मला नात हवी होती, लग्न ठरल्यापासून मी तिचं नावसुद्धा मनात ठरवून ठेवलं होतं, आणि ते नाव आता मी कुणालाच सांगणार नाही. मी आत गेले, पेज गरम केली, वाटीत वाढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

तेवढ्यात गडग्यावर धप्प आवाज झाला. तोच म्हातारा केलडा. एका हाताने त्याने पिल्लू पोटाशी धरलं होतं आणि त्याचे डोळे माझ्या पपईवर होते. पिल्लू आता मोठं झालं होतं, त्याला पेलवत नव्हतं, तरी सोडत नव्हता. माझा हात सवयीने खिडकीतल्या गलोलीकडे गेला. दगड लावला, रबर ताणलं.

सर्वेशने उठून माझं मनगट धरलं. किती महिन्यांनी माझ्या मुलाचा हात मला लागला होता.

"ऱ्हवांदे, आये," तो म्हणाला. "तेचांच पोर आसा तां."

केलड्याने पपई तोडली, अर्धी स्वतः खाल्ली आणि अर्धी पिल्लापुढे धरली. पिल्लाने नुसती हुंगली. मी गलोल खाली ठेवली आणि सर्वेशच्या वाटीत आणखी पेज वाढली.